बार्बाटस कोरी: साताऱ्यात बिनधास्त घ्या, सांगलीत आधी थर्मामीटर घ्या

कोरी म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारा छोटा, मिशाळ कॅटफिश. सांगली, मिरज किंवा साताऱ्यातल्या अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात ‘कोरी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतो तो ब्रॉन्झ कोरी, नाहीतर लाल डोळ्यांचा पांढरा अल्बिनो. बार्बाटस सहसा टाकीत तयार नसतो. तो सांगून मागवावा लागतो, बाहेरच्या लॉटमधून येतो आणि एका बार्बाटसच्या पैशात साध्या कोरींची छोटी टोळी येऊ शकते. एवढं मोजून घ्यावा का, हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे.

मासा म्हणून आम्ही त्याला ५ पैकी ५ देऊ. साताऱ्यातल्या घरासाठी ‘खरेदी’ म्हणून ४. सांगलीत, पाणी गार ठेवायची काहीच सोय नसलेल्या टाकीसाठी २. मासा तोच, दुकान तेच, फरक फक्त पाण्याच्या तापमानाचा. वाळू, खाणं, सोबत यातल्या चुका बार्बाटस काही दिवस सोसतो. ऊन मात्र सोसत नाही.

कारण त्याच्या गावात आहे. ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्याला सेरा दो मार नावाची डोंगररांग समुद्राला समांतर धावते. आपला सह्याद्री आणि त्याखालचं कोकण डोळ्यांसमोर आणलं की नकाशा पुरेसा कळतो. रिओ दि जानेरोपासून दक्षिणेला सांता कातारिनापर्यंत या डोंगरांवरून लहान लहान ओढे झाडीतून खाली येतात आणि थोडं अंतर वाहून समुद्राला मिळतात. बार्बाटस राहतो तो या गोड्या पाण्याच्या ओढ्यांत: वरून सावली, खाली वाळू आणि कुजलेली पानं, पाणी हलकं, वाहतं आणि गार. ‘ब्राझीलचा मासा म्हणजे अ‍ॅमेझॉनचा, म्हणजे २८ अंश’ असा हिशोब काउंटरवर सर्रास ऐकू येतो. अ‍ॅमेझॉनचा इथे काही संबंध नाही. बार्बाटसला २० ते २४ अंश हवेत. हिवाळ्यात १८पर्यंत उतरलं तरी तो मजेत असतो.

क्वा आणि गेमार या फ्रेंच निसर्गअभ्यासकांनी १८२४ साली याचं वर्णन केलं, म्हणजे शास्त्राला तो दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे. पूर्ण नाव स्क्लेरोमिस्टॅक्स बार्बाटस. ग्रीकमध्ये स्क्लेरोस म्हणजे कडक आणि मिस्टॅक्स म्हणजे मिशी. लॅटिनमध्ये बार्बाटस म्हणजे दाढीवाला. हे नाव ठेवण्यापुरतं नाही. वयात आलेल्या नराच्या गालांवर खरोखरच राठ केसांचा पट्टा दिसतो. ते केस नव्हेत, त्वचेवर उगवलेले बारीक दात असतात. जुन्या याद्यांत तो कोरिडोरास बार्बाटस म्हणून सापडतो आणि काही दुकानदार अजून तेच म्हणतात. २०२४मध्ये कोरिडोरास या मोठ्या गटाचीच फोड झाली, त्यामुळे साधा मिरपुडी कोरी आता हॉप्लिसोमा पॅलिएटम झाला आणि ब्रॉन्झ ऑस्टिओगॅस्टर एनिआ. ऑर्डर देताना जुनं-नवं दोन्ही नाव सांगा, सोबत फोटो दाखवा.

फोटो दाखवायला सांगण्याचं कारण असं, की फसगत इथेच होते. बार्बाटसची मादी आणि लहान पिल्लं करड्या अंगावर काळपट डागांची असतात, आणि मिरपुडी कोरीही तसाच. मिरपुडी स्वस्त, बार्बाटस महाग. ओळखायचं ते अंगाच्या घडणीवरून. मिरपुडी आखूड आणि पाठीला फुगीर असतो. बार्बाटस लांबट, तोंड निमुळतं, नुसतं पाहूनही ‘हा पळणारा मासा आहे’ असं वाटतं. पूर्ण वाढ ९-१० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मिरपुडीपेक्षा चांगलाच मोठा. मोठ्या नराच्या डोक्यावर तोंडापासून मागे सोनेरी पट्टी जाते आणि अंगावर काळा रंग ठसठशीत असतो. नेमका हाच नर दुकानात फिका पडलेला असतो, कारण नवी जागा, उघडी काच आणि वरचा दिवा. रंग फिका म्हणून सोडू नका. रंग आठ-पंधरा दिवसांत भरतो. मिशा झडलेल्या असल्या तर मात्र सोडा.

दुकानात पाहायचं ते खालून वर. आधी मिशा: तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या मिशा लांब आणि टोकदार हव्यात. तिथे नुसते खुंट असतील तर मासा बरेच दिवस घाणेरड्या तळावर बसलेला आहे. मग पोट. काचेला चिकटून समोर आला की खालून पोट दिसतं. ते सपाट किंवा किंचित भरलेलं हवं. खोल गेलेलं पोट म्हणजे उपासमार किंवा जंत. पोटाच्या पांढऱ्या भागावर लालसर चट्टे दिसले तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. कल्ल्यांची उघडझाप शांत हवी. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगा. चांगला बार्बाटस अर्ध्या मिनिटात तळाशी नाक घालून हुंगायला लागतो.

‘हा लॉट कधी आला?’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका. काल आलेला मासा आज घरी नेणं म्हणजे दोन प्रवासांचा ताण एकावर एक. आगाऊ रक्कम देऊन मासा दहा दिवस दुकानातच ठेवून घ्या. जो दुकानदार याला राजी होतो आणि नव्या लॉटसाठी वेगळी जाळी वापरतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

जाळीचंही एक आहे. या माशाच्या पाठीवरच्या आणि छातीजवळच्या परांत पुढचा काटा टणक असतो आणि तो ताठ उभा करून अडकवता येतो. बारीक जाळीत काटा गुंततो. मग तो ओढून काढला जातो, पर फाटतो, आणि पुढच्या आठवड्यात तिथे बुरशी येते. प्लॅस्टिकच्या डब्यात हाकून घेतलेला मासा सर्वांत चांगला. जाळीत अडकलाच तर ओढू नका, जाळी पाण्यात उलटी धरा. तो स्वतः काटा मिटतो. काटा बोटात घुसला तर झोंबतं, थोडी सूजही येते, म्हणून मुलांना हात घालू देऊ नये.

पिशवी बांधताना बऱ्याच दुकानांत चूक होते. घाबरलेला कोरी अंगातून विषारी स्राव सोडतो, आणि छोट्या पिशवीत तो स्वतःच्याच स्रावाने मरू शकतो. पाणी गढूळ, फेसाळ दिसायला लागलं की हेच झालं समजा. उपाय साधा आहे. पकडलेला मासा आधी त्याच्याच टाकीच्या पाण्याच्या बादलीत १५-२० मिनिटं ठेवायचा, आणि मग टाकीतलं ताजं पाणी घेऊन पिशवी भरायची. एका पिशवीत एकच मासा, पिशवी दुहेरी, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन. आदल्या दिवशी खाणं बंद. सांगलीहून साताऱ्याला न्यायचा असेल तर पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि पहाटे निघा. उन्हात उभ्या गाडीत पिशवीतलं पाणी बघता बघता तिशीपार जातं.

आता उष्णतेचा मुद्दा, ज्याने सांगलीचे गुण कापले.

एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या आसपास असतो. स्लॅबच्या घरात रात्रीही भिंती तापलेल्या राहतात आणि टाकीचं पाणी ३० अंशांच्या वर टिकून राहतं. साताऱ्यात दुपार कडक असली तरी रात्र उतरते आणि पाण्याला सावरायला वेळ मिळतो. पाणी तापलं की माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि पाण्याची ऑक्सिजन धरायची ताकद घटते: २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. कोरीच्या जातीला एक सवलत आहे. तो वर येऊन हवा गिळतो, ती आतड्याच्या मागच्या भागात शोषतो आणि उरलेली मागून सोडतो. म्हणून तो लगेच मरत नाही, आणि ‘माझ्याकडे ३१ला पण मस्त राहतो’ असं लोक सांगतात. राहतो काही आठवडे. मग खाणं कमी होतं, पोट आत जातं, आणि पहिल्या पावसात पाणी बदललं की एखाद्या किरकोळ जंतुसंसर्गाने जातो. लोक पावसाच्या पाण्याला दोष देतात; मासा खरं तर मेमध्येच खचलेला असतो.

तो दिवसातून काही वेळा वर येऊन हवा घेत असेल तर काळजी नाही. दर मिनिटाला झेपावत असेल तर पाण्यात ऑक्सिजन कमी आहे किंवा अमोनिया आहे. वर येता यावं म्हणून टाकी काठोकाठ भरू नका, दोन इंच मोकळे सोडा आणि वर झाकण किंवा जाळी ठेवा, कारण झेप चुकली की मासा फरशीवर असतो.

गार करायला काय घ्यावं? तीन फूट बाय दीड बाय दीडची टाकी धरू. मोकळी जागा, वाळू, लाकूड वजा जाता त्यात पाणी दीडशे लिटरच्या आसपास असतं. फ्रीझरमध्ये गोठवलेली एक लिटरची बाटली त्यात सोडली तर पाणी जेमतेम पाऊण अंश उतरतं, आणि दुपारी तासाभरात पुन्हा चढतं. पंख्याचं काम वेगळं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारला की पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की जेवढी उष्णता जाते, तेवढी घालवायला एक-एक लिटरच्या पाच बाटल्या बर्फ लागतो. माठ गार राहतो तो याच हिशोबाने. म्हणून बर्फाच्या नादी न लागता १२ व्होल्टचे दोन छोटे पंखे झाकणात बसवा. सोबत तापमान पाहून चालू-बंद करणारा कंट्रोलर घ्या. सांगलीच्या कोरड्या एप्रिलमध्ये याने २ ते ४ अंश उतरतात. जूननंतर हवेत दमटपणा वाढतो आणि पंखा तेवढा चालत नाही, पण तेव्हा ऊनही ओसरलेलं असतं.

एक गोष्ट मात्र विसरली जाते: पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. रोज कमी होणारं पाणी बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर मे अखेरीस टाकी खारवलेली असते. ही भर आरओच्या पाण्याचीच हवी.

३१चे २८ झाले तरी बार्बाटसला ते जास्तच आहे. तेव्हा सांगलीत मार्ग दोनच: टाकी घरातल्या सर्वांत गार, उत्तरेच्या खोलीत तळमजल्यावर ठेवून वर पंखे, किंवा सरळ चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र. चिलर महाग असतो, खोलीत गरम हवा सोडतो, आणि माशांपेक्षा कितीतरी पट पैसा त्यात जातो. तेवढी तयारी नसेल तर ब्रॉन्झ किंवा स्टर्बाय कोरी घ्या. स्टर्बायला २६-२८ अंश मानवतात, तो दिसतोही देखणा, आणि सांगलीच्या उन्हाळ्यात तुम्हाला रात्री उठून थर्मामीटर पाहावा लागत नाही.

पाण्याचा विचार गावागणिक बदलतो. सातारा शहराच्या काही भागाला कासचं पाणी येतं. जांभ्याच्या पठारावर साठलेलं पावसाचं पाणी ते, हलकं, आणि बार्बाटसच्या ओढ्याशी नातं सांगणारं. सांगलीला नळाचं पाणी कृष्णेचं, तेही बरं. पण बोअरचं पाणी जड आणि बऱ्याच भागात खारं. उसाच्या पट्ट्यात जमिनी खारवल्या, तिथल्या बोअरचं पाणी तर तसंच वापरू नका. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त असतो, तो घ्याच. २५०च्या खाली आकडा ठेवायचा. बोअर ६०० दाखवत असेल तर दोन भाग आरओला एक भाग बोअर. पीएच ६ ते ७.५ चालतो, त्यासाठी औषधं ओतत बसू नका. क्लोरीन मात्र काढायलाच हवं. शंभर लिटरला एक ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोवाल्यांचा हायपो, पुरतो. पुराच्या दिवसांत कृष्णेचं पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वासही जास्त येतो. त्या आठवड्यात पाणी बदलणं पुढे ढकलणं उत्तम.

एरवी दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला, म्हणजे या टाकीत १५ लिटरच्या तीन बादल्या. तासाला ६०० ते ८०० लिटर फिरवणारा फिल्टर आणि जोडीला एक स्पंज फिल्टर एवढ्यावर भागतं. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू द्या. नवी टाकी असेल तर मासे न घालता चार ते सहा आठवडे फिल्टर पिकू द्या, म्हणजे घाण पचवणारे जंतू त्यात वाढतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्यावरच ऑर्डर द्या.

वाळूवर थोडं थांबायला हवं, कारण या माशाचं सगळं सुख तिथे आहे. त्याच्याकडे जवळून पाहा. मिशा वाळूवर टेकलेल्या, मग नाक डोळ्यांपर्यंत आत, क्षणभर सगळं स्थिर, आणि दोन्ही कल्ल्यांतून वाळूचा बारीक धूर बाहेर. तोंडात घेतलेली वाळू तो चाळतो, खाण्याचा कण ठेवतो आणि बाकी कल्ल्यांतून सोडून देतो. रंगीत खड्यांच्या टाकीत हे त्याला करता येत नाही. मटाराएवढ्या खड्यांत खाणं खाली घसरतं, तिथे सडतं, आणि त्या सडक्या थरात नाक घालून मिशा झडतात. लोकांना वाटतं खडे टोचून मिशा गेल्या. खरं कारण बहुतेक वेळा खालची घाण असते.

बांधकामाच्या दुकानात आता क्रश सँडच जास्त मिळते. ती दगड फोडून केलेली असते, कण धारदार आणि भुकटी भरपूर, ती नको. नदीची जुनी वाळू मिळाली तर मैद्याच्या नव्हे, रव्याच्या चाळणीने चाळा. अर्धा ते एक मिलिमीटरचा कण हवा. मूठभर घेऊन तळहातांत चोळा: खरखर लागली तर चालेल, टोचली तर नाही. थोड्या वाळूवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर घाला. बुडबुडे आले तर तिच्यात चुनखडी आहे, पाणी जड होईल. तीन फुटी टाकीत तीन सेंटिमीटर थराला साधारण २० किलो लागते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, दहा-बारा पाणी सहज जातात. याहून जाड थर देऊ नका, खालचा भाग काळा पडून कुजतो.

सोबत आणि खाणं यात फारशी अडचण नाही. व्हाइट क्लाउड, झेब्रा, रोझी बार्ब हे गार पाण्याचे सोबती. डिस्कस आणि बार्बाटस एका टाकीत कधीच नाही, दोघांच्या तापमानात सहा अंशांचं अंतर आहे. इतर कोरी दहा नर एकत्र नांदतात, बार्बाटसचे नर मात्र हद्द धरतात आणि गालांच्या राठ पट्ट्याने एकमेकांना रेटतात. तीन फुटीत दोन नर, चार माद्या, आणि मध्ये लाकडाचा आडोसा, म्हणजे दोघे एकमेकांना सतत दिसत नाहीत. बुडणाऱ्या गोळ्या सकाळी, गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून तीन-चार वेळा दिवे मालवल्यावर. ‘तळाचा मासा आहे, वरच्यांचं उरलेलं खाईल’ हा समज मोडा. उरलेल्यावर तो उपाशी मरतो. गटारातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) देऊ नका.

आजारांत एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. पांढरे ठिपके आले की दुकानात ठरलेला सल्ला मिळतो: हीटर लावा, ३० अंश करा, मीठ टाका. इतर माशांना तो लागू पडतो, बार्बाटसला त्यातली उष्णताच मारते. तापमान २४वरच ठेवा, मॅलकाइट ग्रीनचं औषध बाटलीवर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेत द्या, दिवस वाढवा, आणि हवेचा दगड जोरात सोडा. तांब्याचं औषध टाळा. नवे मासे तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवले तर बहुतेक वेळा ही पाळी येतच नाही.

मागवायचे तर नोव्हेंबर ते जानेवारीत. प्रवास गारव्यात होतो, आणि उन्हाळा येईपर्यंत मासा अंगाने भरलेला असतो. मार्चनंतर दुकानदाराने कितीही सूट दिली तरी थांबा.

याच थंडीत साताऱ्यात अंड्यांचीही शक्यता असते. पंधरा दिवस ब्लडवर्म भरपूर द्या, मग नेहमीच्या पाण्यापेक्षा २-३ अंश गार, हलक्या पाण्याने ४० टक्के पाणी बदला. पावसाने ओढा वाढल्यासारखं त्यांना वाटतं. मादी पोटाखालचे पर ओंजळीसारखे जुळवून अंडी धरते आणि काचेवर किंवा फिल्टरच्या नळीवर चिकटवते. ती मोठ्यांपासून वाचवायची तर ब्लेडने हलकेच सोडवून त्याच पाण्याच्या डब्यात, हवेच्या मंद बुडबुड्यांत ठेवा. पांढरी पडलेली रोज वेचून टाका, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. चार-पाच दिवसांत पिल्लं फुटतात, पुढचे दोन-तीन दिवस पोटाच्या पिशवीवर जगतात, आणि मग दिवसातून तीनदा ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले सूक्ष्म झिंग्यासारखे जीव). डब्याच्या तळाशी वाळूचा पातळ थर आणि रोज निम्मं पाणी नवं, मोठ्यांच्या टाकीतलंच.